काढलेला पार्ट, एक नग

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या आफशीनच्या दुकानात लॅपटॉप घेऊन गेलात, तर लॅपटॉपला हात लावायच्या आधी ती तुमची उलटतपासणी घेते. कधीपासून बंद आहे, घरात कुठल्या बोर्डाला लावता, शेवटचा हात कोणाचा, त्या दिवशी घरात काय चाललं होतं. सगळं विचारते. गिऱ्हाईक वैतागतं. म्हणतं, "वैनी, बिघाड मशीनमधी हाय, माझ्यात न्हाय." त्यावर ती पायानं स्टूल पुढं सरकवते आणि म्हणते, "ते मी ठरवते. बसा."

त्या स्टुलावर मीही बसलोय. आणि मी काही ऐरागैरा नव्हे. बिद्रीच्या साखर कारखान्यात एकतीस वर्षं वजनकाट्यावर काढली. वजन वाढावं म्हणून उसाच्या ट्रॉलीत माणूस झोपवून आणणारे बहाद्दर मी नुसत्या आकड्यावरनं ओळखायचो आणि ट्रॉलीला काठी मारून म्हणायचो, "उठा पावणं, खाली उतरा." खोटं आपल्याला खपत नाही, असं चारचौघांत छाती काढून सांगत आलोय. ती छाती त्या स्टुलावर किती वेळ टिकली, तेच सांगायचंय.

सुरुवात खंडेनवमीपासनं झाली. आमच्याकडं त्या दिवशी घरातलं एकूण एक हत्यार धुऊनपुसून पाटावर येतं. विळी, कोयता, पान्हे, मोटरसायकल, शिलाईचं मशीन. जे पोटाला देतं त्याची पूजा. कारखान्यात काट्याची पूजा माझ्याकडं असायची आणि तिथला माझा नियम ठरलेला होता. गंध वरवर फासायचं नाही. जिथं भार पडतो, तिथं लावायचं. इतर खात्यांतले लोक मशीनच्या पत्र्याला पाच बोटं ओढून मोकळे व्हायचे, ती मला पूजाच वाटायची नाही.

गेल्या वर्षी घरात एक नवं हत्यार होतं. आमची धाकटी क्रांती पुण्याच्या एका कंपनीसाठी इमारतींचे नकाशे काढते, घरात बसून. लॅपटॉप कंपनीनं दिलेला. सहा महिने तिला परीक्षेवर ठेवलं होतं. दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता वरच्या साहेबांना तिनं सगळं काम स्क्रीनवर दाखवायचं आणि त्यांना पटलं तर कायमची ऑर्डर, असं ठरलेलं. 'कायम' हा शब्द ऐकला की माझ्या छातीत काय होतं, ते पुढं सांगतो.

खंडेनवमीला आमची मंडळी कळंब्याला बहिणीकडं गेलेली, क्रांती मैत्रिणींबरोबर बाहेर. पूजा माझ्या एकट्याच्या हातात आली आणि मी काहीही कमी केलं नाही. लॅपटॉपला हार घातला, नारळ फोडला, उदबत्ती लावली. मग गंध. लॅपटॉपला भार कुठं पडतो? तर वीज जिथनं आत जाते तिथं. चार्जरच्या टोकाला एक पोकळ नळी असते, तिच्यात मधोमध बारीक सुई. तिथं बोट जाईना. म्हणून काडेपेटीतली काडी घेतली, हळदकुंकू कालवलं आणि सुईच्या बुडापर्यंत नीट पोचवलं. लॅपटॉपच्या भोकातही एक टिपका. वर अक्षता टाकल्या. हात जोडले. इतकी व्यवस्थित पूजा आख्ख्या गल्लीत कुणी केली नसेल.

दोन दिवस सणाची सुट्टी. तिसऱ्या दिवशी सकाळी क्रांतीनं लॅपटॉप उघडला आणि आतल्या खोलीतनं ओरडली, "आण्णा, चार्जिंगच हुईना!"

चार्जरचा हिरवा दिवा लागत होता. पण लॅपटॉपवर पाटी यायची, की हा चार्जर ओळखता येत नाही. तिनं बोर्ड बदलून बघितला, बंद करून चालू केला, वायर हलवून बघितली. पाटी तीच. बॅटरी बावीस टक्के. कंपनीला फोन केला, तर दुसरा लॅपटॉप यायला चार दिवस लागणार. काम दुसऱ्या कुणाच्या लॅपटॉपवर उघडत नाही, कंपनीनं कुलूपच तसं लावलेलं. कुणा जाणकाराला दाखवा म्हणाले, पण मागचं सील तोडायचं नाही. आणि दुसऱ्या दिवशी अकराला साहेब बसणार. पोरगी रडली नाही, पण तिनं चहा तसाच ठेवला.

मी तिला मागं बसवलं आणि गाडी काढली. पहिल्यांदा एका चकचकीत दुकानात गेलो. तिथल्या माणसानं दुसरा चार्जर लावून बघितला. त्यालाही लॅपटॉप ओळखेना. "दोन्ही चार्जर चालत न्हाईत, म्हंजे आतला मदरबोर्ड गेला. खोलावं लागंल. आठ दिवस." त्याचं म्हणणं चुकीचं होतं असंही नाही, हिशोबानं तसंच निघतं. पण आठ दिवस ऐकून क्रांतीचा चेहरा असा उतरला, की मी लॅपटॉप त्याच्या हातातनं जवळजवळ ओढूनच घेतला.

बाहेर येऊन उभा राहिलो. आता कुठं जायचं? हाताकडं लक्ष गेलं. निवृत्त होताना कारखान्यानं दिलेलं घड्याळ. ते दोनदा बंद पडलं होतं आणि दोन्ही वेळा लक्ष्मीपुरीतल्या म्हाताऱ्या घड्याळजी चाचांनी ते चालू करून दिलं होतं. घड्याळ दुरुस्त करणारा माणूस लॅपटॉपचं काय करणार, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण माणूस बुडायला लागला की काडीचा आधार शोधतो, तसं झालं.

दुकानावर पाटी तीच, वॉच रिपेअरिंग. आत टेबलामागं चाळिशीच्या आतली एक बाई, डोक्यावरनं ओढणी, डोळ्यात घड्याळजीचं भिंग बसवून एका लॅपटॉपच्या पोटात बघत होती.

"चाचा कुठायत?" मी विचारलं.

"कब्रस्तानात," ती मान वर न करता म्हणाली. "तीन वर्सं झाली. तुमचं काय काम होतं?"

मी गार. म्हटलं, "मग दुकानाचं मालक?"

"बोलावते की." ती उठली, टेबलाला वळसा घालून माझ्यासमोर आली, ओढणी सारखी केली आणि म्हणाली, "आले. बोला." क्रांती सकाळपासनं पहिल्यांदा हसली.

तर ही आफशीन. मूळची इचलकरंजीची. तिचे वडील ख्वाजा तिथं मागांच्या शेडमध्ये जॉबर होते, म्हणजे बंद पडलेले माग चालू करून देणारे. चाळीस माग एकदम धडधडत असताना ख्वाजाभाई दारात डोळे मिटून उभे राहायचे आणि सांगायचे, तिसऱ्या ओळीतला पाचवा माग लंगडतोय. ही पोरगी त्यांचा डबा घेऊन जायची आणि शेजारी उभी राहून तीही डोळे मिटायची. पुढं आयटीआय केलं, लग्न होऊन लक्ष्मीपुरीत आली. सासरे हेच घड्याळजी चाचा. तोवर लोक वेळ मोबाईलमध्ये बघायला लागले होते आणि चाचांच्या टेबलावर माश्या बसायला लागल्या होत्या. आफशीननं त्याच टेबलाच्या कोपऱ्यात मोबाईलचे चार्जर दुरुस्त करायला घेतले. "माझ्या टेबलावर वायरी नगंत," म्हणून चाचांनी महिनाभर अबोला धरला. मग एक दिवस त्यांना न दिसणारा एक स्क्रू तिनं नुसत्या डोळ्यांनी उचलून दिला, तेव्हा चाचांनी आपलं भिंग काढून तिच्या पुढ्यात ठेवलं आणि स्वतः चहा सांगायला गेले. हे सगळं मला नंतर तिच्याकडनंच कळलं. चाचांची एक रीत तिनं अजून पाळलीय. मशीनमधनं जे काढलं, ते छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून गिऱ्हाईकाला परत द्यायचं, सोबत चिठ्ठी. काढलेला पार्ट काय आणि कारण काय.

तिनं मला स्टूल दिलं आणि सरबत्ती सुरू केली. मी काट्यावरची नोकरी सांगितली, क्रांतीनं सगळं खरंखरं सांगितलं. सील तोडायचं नाही, उद्या अकरा, सहा महिन्यांची मेहनत. आफशीननं चार्जर उचलला, टोक भिंगाखाली धरलं आणि थांबली.

"हे बगा," ती म्हणाली. "ही मधली सुई हाय ना, ती वीज न्हेत न्हाय. ती नुसती ओळख सांगती. लॅपटॉप इचारतो, तू कोण? ही सांगती, मी अमुक चार्जर, येवढ्या ताकदीचा. वळख पटली तरच तो वीज घेतो. तुमचा हा तर लईच मानी. अनोळखी माणसाच्या हातचं पाणीसुदिक पीत न्हाय." मग तिनं भिंग डोळ्यातनं काढून माझ्याकडं बघितलं. "आन् ह्या सुईला कुंकू लागलंय. पूजा कुणी केली?"

आता बघा. समोर पोरगी. तिच्या सहा महिन्यांची वाट मी काडेपेटीच्या काडीनं लावलेली. माझ्या तोंडातनं आपसूक निघालं, "आमच्या मंडळींनी."

क्रांतीनं माझ्याकडं बघितलं. तिची आई नवमीला कळंब्याला होती, हे तिला पक्कं माहीत. पण पोरगी गुणी, तिनं बापाला उघडं पाडलं नाही. तेच मला जास्त लागलं.

"काकींना फोन लावा," आफशीन म्हणाली. "नुसतं गंध हाय का तेल बी घातलंय, कशानं घातलं, तार का काडी, मला कळाय पायजे. तारंनं घातलं आसंल तर सुई वाकली आसंल."

"ती... कळंब्याला गेलीया. फोन लागत न्हाय तिथं." एका खोट्याच्या पाठीवर दुसरं.

आफशीन कामाला लागली. लॅपटॉप बंद केला, चार्जर बोर्डावरनं काढला, स्पिरिटात बुडवलेल्या मऊ ब्रशानं नळी आतनं साफ केली, वाळवली. कापसावर लालपिवळा डाग आला. मला वाटलं, सुटलो. तिनं चार्जर परत लावला. पाटी तीच, चार्जर ओळखता येत नाही. तिनं आपल्याकडचा दुसरा चार्जर लावला. तोही ओळखेना. बॅटरी नऊ टक्के.

"म्हंजे बोर्डच गेला?" क्रांतीचा आवाज बारीक झाला.

आफशीननं डोळे मिटले. चार्जर काढला, परत घातला. परत काढला, परत घातला. "बसत न्हाय," ती म्हणाली. "आत जातोय, पर शेवटचं केसभर ऱ्हातंय. टक वाजाय पायजे, वाजत न्हाय." मग माझ्याकडं वळली. "काका, मगाशी म्हणालासा, तुम्ही काट्यावर होतासा. काट्यावर खोटा आकडा पडला तर आधी काय बगायचासा?"

"काट्यावर कोन उभारलंय का, ते."

"मीबी तेच बगतेय," ती शांतपणे म्हणाली. "ह्याच्यावर कायतरी उभारलंय. काय ते माहीत न्हसताना मी आत काय घालणार न्हाय. सुई मोडली तर तुमच्या पोरीचा उद्याचा दिवस मोडंल."

आणि नेमका तेव्हाच माझा फोन वाजला. मला जरा कमी ऐकू येतं म्हणून फोन कायम मोठ्या आवाजावर. आख्ख्या दुकानात आमच्या मंडळींचा आवाज घुमला, "अवं, येताना दुधाची पिशवी आना. मी घरातच हाय, कुटं जात न्हाय."

फोन ठेवला. आफशीन टेबलावरच्या स्क्रूंकडं बघत होती आणि तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. हसू दाबत होती, दुसरं काय. एकतीस वर्षं मी ट्रॉलीला काठी मारत आलो, आणि आज ट्रॉलीत मीच आडवा पडलो होतो.

"मी केलती पूजा," मी म्हणालो. "ती न्हवती घरात. गंध मीच लावलं. काडेपेटीच्या काडीनं, पार बुडापतोर. तेल न्हाय, तार न्हाय. आन् अक्षता टाकल्या."

"अक्षता कुटं टाकल्या?"

"दोन्हीकडं. चार्जरवर आन् त्या भोकावर."

"एवढं खोल कशापायी, आण्णा?" क्रांतीनं विचारलं. रागानं नाही. तिला खरंच कळत नव्हतं.

मग मी सांगितलं. आजवर घरात कुणाला सांगितलं नव्हतं ते. कारखान्यात मी पहिली अकरा वर्षं हंगामी होतो. ऊस संपला की घरी, ऊस आला की परत बोलावणं, आणि दरवर्षी बोलावणं येईल की नाही ह्या धाकात दिवाळी. अकराव्या वर्षी खंडेनवमीला मी काट्याच्या अगदी आत हात घालून गंध लावलं, हाताला खरचटलं, आणि त्या हंगामात कायम झालो. त्यामुळं झालो की नाही, देव जाणे. पण मनानं घेतलं ते घेतलं. "तुला माझ्यागत अकरा वर्सं नगंत, म्हणून," मी म्हणालो. "मला भ्या वाटत हुतं, पोरी. लई भ्या वाटत हुतं." दुकानात, परक्या बाईसमोर, माझा आवाज फुटला. लाज वाटली, पण बरंही वाटलं.

क्रांतीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. आफशीन नाक ओढत उठली आणि म्हणाली, "आसं आधीच बोलला आसतासा तर आत्तापतोर घरी गेला आसतासा."

लॅपटॉप परत बंद केला. टेबलाच्या खणातनं तिनं चाचांची एक जुनी काडी काढली. बांबूची, टोकाला मेणाचा मोहरीएवढा गोळा. घड्याळातले चाकांखालचे बारीक खडे उचलायला चाचा ती वापरायचे. भिंग लावलं, श्वास रोखला आणि काडी लॅपटॉपच्या भोकात अशी सरकवली, जशी आई झोपलेल्या पोराच्या डोळ्यातला कचरा काढते. एकदा बाहेर काढली, काही नाही. दुसऱ्यांदा, काही नाही. तिसऱ्यांदा मेणाला चिकटून एक तांदळाचा तुकडा बाहेर आला. कुंकवानं लाल. अर्धा दाणासुद्धा नव्हता, कणी म्हणा.

मग ब्रश, स्पिरिट, वाळवणं. पाच मिनिटं आम्ही तिघंही त्या भोकाकडं बघत बसलो. तिनं चार्जर घातला. टक. मला कमी ऐकू येतं, पण तो आवाज मला ऐकू आला. लॅपटॉपवर बॅटरीच्या चित्रात विजेची खूण उमटली आणि क्रांतीनं टाळी वाजवली.

आफशीननं कणी पिशवीत घातली आणि चिठ्ठी लिहायला घेतली. मी डोकावलो. काढलेला पार्ट: कचरा.

"ओ," मी म्हणालो. मला खरंच राग आला. "कचरा न्हाय ती. अक्षता हाय. खरं ते लिवा."

"मगापास्नं खरं सांगा म्हणून कोण कुणाच्या मागं लागलं हुतं?" ती म्हणाली, पण तिनं ते खोडलं आणि लिहिलं: अक्षता, एक नग. खाली कारणाच्या जागी थोडा विचार केला आणि लिहिलं: पूजा जरा खोलवर झाली.

मी पैसे विचारले आणि वर आगाऊपणानं म्हणालो, "पार्ट तर काय घातला न्हाय." ती म्हणाली, "काढला की. आन् तुमची येवढी कहानी ऐकली, तिचं बी लावलंय." मी मुकाट्यानं दिले. दूध मात्र विसरलो, त्यावरनं घरात जे झालं ते झालंच. शिवाय चिठ्ठी आमच्या मंडळींच्या हाती लागली आणि माझ्या पूजेचं खापर त्यांच्या डोक्यावर फोडायला मी निघालो होतो हेही क्रांतीनं मीठमसाला लावून सांगितलं. आठ दिवस मला ताटात कोशिंबीर मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी अकरा ते एक मी जिन्यात बसून होतो. दार उघडून क्रांती आली आणि नुसतं म्हणाली, "कायम." मी तिथंच पायरीवर बसून रडलो. आता ते लपवण्यात काय अर्थ आहे? संध्याकाळी पेढे घेऊन आधी लक्ष्मीपुरीत गेलो, देवळात नंतर.

त्याला वर्ष झालं. क्रांती आता पुण्याला असते. मी अधनंमधनं आफशीनच्या दुकानात जाऊन त्याच स्टुलावर बसतो आणि नव्या गिऱ्हाईकांना सांगतो, "खरं बोला पावणं, वेळ वाचंल." गल्लीगल्लीत म्हणे माझी गोष्ट पोचलीय. ह्या दसऱ्याच्या आठवड्यात तिच्या दारावर कागद लागला: चार्जरला हार चालेल, गंध नको.

यंदा खंडेनवमीला सकाळीच झेंडूची फुलं घेऊन गेलो. चाचा दरवर्षी ह्या दिवशी आपली हत्यारं पुसून मांडून ठेवायचे, कोल्हापुरात कुठल्या कारागिराच्या दुकानात हे होत नाही? आफशीननंही मांडली होती. भिंग, ब्रश, मेणाची काडी. मी एकेक फूल ठेवलं. ती माझ्या हाताकडं डोळ्यात तेल घालून बघत होती. "लांबनंच, काका," म्हणाली.

तेवढ्यात फोनवर क्रांती आली, चेहऱ्यासकट. मागं तिचं टेबल, टेबलावर तोच लॅपटॉप, हार घातलेला. कंपनीचा एवढा मोठा पसारा, पण पोरीनं पूजा चुकवली नव्हती. "आण्णा, तुम्ही पूजा करा, मी हितनं हात जोडते," ती म्हणाली. मी फोन स्पिरिटच्या बाटलीला टेकवून उभा केला आणि समोर एक फूल ठेवलं.

"आन् अक्षता?"

"तुझ्याकडं हाय की एक," मी म्हणालो.

ती वाकली आणि लॅपटॉपच्या झाकणाला आतनं चिकटवलेली छोटी प्लास्टिकची पिशवी तिनं फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरली. लाल कणी अजून लालच होती. आफशीननं भिंग उचलून डोळ्याला लावलं, ती पिशवी नीट बघितली आणि म्हणाली, "हां. पार्ट ओरिजिनल हाय."